विशेष शिक्षकाची मुलाखत: सांगली-साताऱ्यात पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या मुलाखतीत पाठ घ्यायला सांगितला होता, 'एक ते पाच मोजणे'. मी तासगावची, घरात बेदाण्याला काय तोटा! मोजायला बेदाणेच घेऊन गेले. समोर बसवलेल्या मुलाने पहिला उचलला, माझ्याकडे बघितलं आणि तोंडात टाकला. मी 'दोन' म्हणेपर्यंत तिसरा गेला होता. चौथाही गेला. पाचवा मात्र त्याने माझ्या तळहातावर ठेवला. मी तो घाईने पिशवीत टाकला, नवीन पाच मांडले आणि 'आता नाही हं खायचं' म्हटलं. तो उठून खिडकीपाशी गेला तो परत आलाच नाही. बाहेर पडताना मुख्याध्यापिका म्हणाल्या, "त्याने पाचवा तुम्हाला दिला, तेव्हा तुम्ही काय म्हणायला हवं होतं?" मला उत्तर सुचलं नाही. नोकरीही मिळाली नाही.

त्यानंतर आणखी तीन मुलाखती दिल्या. आता काही वर्षं टेबलाच्या पलीकडेही बसते. व्याख्या सगळ्यांच्या पाठ असतात, त्यावर कुणी अडत नाही. समोरच्या एका मुलाकडे उमेदवाराचं लक्ष आहे का, एवढंच आम्ही पाहतो. तयारी त्या बाजूने करा.

१. नोकरी नेमकी कुठली, ते आधी विचारा

'विशेष शिक्षक पाहिजेत' या एका ओळीमागे चार वेगवेगळ्या नोकऱ्या असू शकतात.

अनुदानित विशेष शाळा संस्था चालवते आणि मंजूर पदाचा पगार शासन देतं. जिल्ह्यात तिचा कारभार जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाशी जोडलेला असतो. राज्य पातळीवर २०२२ पासून दिव्यांग कल्याण हा स्वतंत्र विभाग झाला आहे. विनाअनुदानित शाळा किंवा केंद्रात पगार संस्थेच्या ऐपतीवर. तिसरी नोकरी सर्वसाधारण शाळेतली. सीबीएसईच्या शाळांना विशेष शिक्षक नेमावा लागतो, त्यामुळे शहरात या जागा निघतात. चौथी समग्र शिक्षा या शासनाच्या शालेय शिक्षण योजनेखाली तालुक्याला. तिथे एक वर्ग नसतो, शाळा फिरायच्या आणि अंथरुणाला खिळलेल्या मुलांना घरी जाऊन शिकवायचं.

प्रश्न त्याप्रमाणे बदलतात. विशेष शाळेत स्वावलंबनाची कौशल्यं, वर्तन, गटात शिकवणं यावर भर असतो. सर्वसाधारण शाळेत विचारतात, 'वर्गशिक्षिका सहकार्य करत नसतील तर?' तालुक्याच्या पदासाठी तर भूगोलही लागतो. जतच्या पूर्व भागातलं कन्नड घरातलं मूल मराठी शाळेत गप्प बसतं, ते लगेच 'बोलत नाही' या यादीत जातं. पाटणच्या डोंगरातल्या वस्तीवर आठवड्यातून एकदाच पोचता येतं. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातलं मूल हंगाम संपला की निघून जातं. अशा मुलासाठी काय कराल, हा प्रश्न हमखास येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: उद्दिष्टं छोटी ठेवीन, आईला रोजच्या कामातून करून घेता येतील अशी दोन कामं शिकवीन, आणि मुलाची नोंद एका कागदावर लिहून तिच्याच हातात देईन, म्हणजे पुढच्या शाळेत पहिल्यापासून सुरुवात नको.

सगळ्यात साधा आणि सगळ्यात महागात पडणारा सापळा प्रवर्गाचा, म्हणजे कुठल्या दिव्यांगत्वाच्या मुलांसाठी तुम्ही प्रशिक्षण घेतलंय त्याचा. तुमचं डी.एड. किंवा बी.एड. कर्णबधिर प्रवर्गातलं असेल तर बौद्धिक अक्षमतेच्या शाळेतल्या मंजूर पदाला ते चालेलच असं धरू नका. फोन करा, विचारा, मग भाडं खर्च करा.

२. फाईल आठवडाभर आधी लावा

- दहावी, बारावी, पदवी, डी.एड. किंवा बी.एड. विशेष शिक्षण, सगळ्या वर्षांची गुणपत्रकं
- भारतीय पुनर्वास परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे आपण ज्याला 'आरसीआय नंबर' म्हणतो ते
- टीईटी किंवा सीटीईटी दिली असेल तर तिचं प्रमाणपत्र
- जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेयर, अधिवास दाखला
- आधार, पॅन, चार फोटो
- अनुभवाचे दाखले, त्यात तारखा आणि प्रवर्ग स्पष्ट लिहिलेले
- इंटर्नशिपमधली एक आयईपी (एका मुलासाठी आखलेली वैयक्तिक शिक्षण योजना) फाईल, मुलाचं नाव झाकून
- पोलिसांकडचा चारित्र्य पडताळणीचा दाखला. मुलाखतीला लागतोच असं नाही, पण निवड झाली की मागतात आणि तो एका दिवसात मिळत नाही

यातलं आरसीआयचं प्रमाणपत्र सगळ्यात आधी उघडून बघा. १९९२ च्या कायद्याने नोंदणीशिवाय हे काम करता येत नाही आणि नोंदणीचं वेळोवेळी नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी सीआरईचे, म्हणजे निरंतर पुनर्वसन शिक्षणाचे गुण लागतात, ते प्रशिक्षणांना हजर राहून जमवायचे असतात. मुदत संपलेला कागद घेऊन आलेल्या हुशार मुली मी परत जाताना पाहिल्या आहेत.

दुसरी अडचण बायकांचीच. पदवी माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं, आरसीआय भलत्याच स्पेलिंगचं. विवाह नोंदणी दाखला आणि नावबदलाचं राजपत्र फाईलमध्ये आधीच लावा. 'मॅडम, मीच आहे ती' यावर छाननी होत नाही.

मूळ कागद दाखवायचे आणि उचलून परत घ्यायचे. एका ठिकाणी 'निवड होईपर्यंत राहू द्या' म्हणून माझी मूळ गुणपत्रकं ठेवून घेतली होती. तिथे नोकरी नाकारल्यावर ती मिळवायला तीन फेऱ्या आणि एका ओळखीच्या वकिलांचा फोन लागला. स्वसाक्षांकित झेरॉक्सचे दोन संच द्या, मूळ नाही. आणि सगळ्याचं स्कॅन डिजिलॉकरमध्ये किंवा मेलवर ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा सांगलीवाडीतल्या माझ्या मैत्रिणीची फाईल खालच्या कपाटात होती. पाणी ओसरल्यावर प्लास्टिकचं कव्हर तेवढं ओळखू आलं.

३. शाळा आधी एकदा बघून या

जमलं तर सुटायच्या वेळेला जा. फाटकात उभं राहून कळतं ते कुठल्याही माहितीपत्रकात नसतं: मुलं रिक्षाने येतात की एसटीने, व्हीलचेअरला उतार आहे की तीन पायऱ्या, शिक्षिका मुलांच्या चपला घालून देतात की थांबून त्यांना घालू देतात. मुलाखतीत 'आमच्या शाळेबद्दल काय माहिती आहे?' असं विचारलं तर स्थापनेचं वर्ष सांगण्यापेक्षा यातलं एखादं निरीक्षण सांगा. चुका काढायच्या नाहीत बरं का, फक्त पाहिलेलं सांगायचं.

४. एक मूल बरोबर घेऊन जा

म्हणजे मनात. इंटर्नशिपमध्ये शिकवलेलं एकच मूल निवडा आणि त्याच्याबद्दल दहा मिनिटं न अडखळता बोलता येईल इतकं ते आठवून लिहून काढा. मुलाखतीतल्या निम्म्या प्रश्नांना याच मुलातून उत्तर देता येतं.

मी अकरा वर्षांच्या एका मुलीची तयारी केली होती. बौद्धिक अक्षमता, सोबत फिट्सचा त्रास. तिची सुरुवातीची पातळी मी अशी सांगायचे: 'डबा स्वतः उघडते, पोळीचा तुकडा मोडते, पण भाजीत बुडवताना मनगट वळत नाही म्हणून कोरडीच खाते.' पॅनलवर बसलेल्या बाई दर वेळी या वाक्याला मान वर करायच्या. 'स्वावलंबनात मध्यम' म्हटलं असतं तर केली नसती.

मग उद्दिष्ट. इथे बहुतेकांची गाडी घसरते. 'मुलगी स्वतःच्या हाताने जेवेल' ही झाली इच्छा. उद्दिष्टात काय करेल, कशा परिस्थितीत, किती वेळा आणि कधीपर्यंत हे चारही यावं लागतं: 'पातळ भाजीची वाटी समोर ठेवल्यावर फक्त तोंडी सूचनेवर पाचपैकी चार घास बुडवून खाईल, सहा आठवड्यांत.' ते कसं मोजलं, कुठे फसलं, काय बदललं, हेही सांगा. फसलेलं सांगायला लाजू नका. सगळी उद्दिष्टं पूर्ण झालेली आयईपी दाखवली की आम्हाला शंका येते.

मूल्यमापनाची साधनं कोणती वापरली, हे विचारतातच. एमडीपीएस ही मुलाच्या रोजच्या कौशल्यांची तपासणी यादी, तिच्यात १८ क्षेत्रं, प्रत्येकात २० बाबी. एफएसीपी मुलाला पूर्व प्राथमिक, प्राथमिक, माध्यमिक, पूर्व व्यावसायिक अशा गटांतून बघते. स्वमग्नतेसाठी आयएसएए, ४० बाबी, ७० च्या खाली गुण आले तर स्वमग्नता नाही असं धरतात. आकडे पाठ असू द्या, पण जे साधन हातात धरलं नाही ते 'वापरलं' म्हणू नका. पुढचा प्रश्न 'गुण कसे भरता?' हाच असतो.

५. पाठ: साहित्य कमी, पायऱ्या जास्त

पाठाला साधारण पंधरा-वीस मिनिटं मिळतात, कधी पाठ टाचणही मागतात. मूल तुमच्या ओळखीचं नसतं. म्हणून पहिली दोन मिनिटं शिकवू नका. त्याच्या उंचीला बसा, नाव विचारा, तो कशाकडे बघतोय ते बघा. काही जण हार्मोनियमच्या पेटीसारखी साहित्याची पेटी घेऊन येतात आणि मुलाला सोडून तीच उघडत बसतात.

विषय निवडायचा असेल तर रोजच्या वापरातलं कौशल्य घ्या. शर्टाचं बटण लावणं हे माझं आवडतं. त्याच्या पायऱ्या अशा पाडा:

१) एका हाताच्या चिमटीत बटण धरणं
२) दुसऱ्या हाताने काजाची कड धरणं
३) बटण काजातून अर्धं ढकलणं
४) पलीकडून बटणाची कड पकडणं
५) ओढून पूर्ण बाहेर काढणं

आता उलटीकडून सुरुवात करा. पहिल्या चार पायऱ्या तुम्ही करा, शेवटचं ओढणं मुलाला द्या. काम पूर्ण झाल्याचा आनंद पहिल्याच फेरीत त्याच्या वाट्याला येतो. ते जमलं की चौथी पायरीही त्याची. अंगठ्याएवढं मोठं बटण आणि जाड कापड घ्या, आधी टेबलावर सपाट ठेवून करा. अंगावरचा शर्ट नंतर, कारण छातीवरचं बटण मुलाला मान वाकवून उलटं दिसतं. कुठल्या पायरीला हात धरून मदत केली, कुठे नुसती खूण केली, कुठे तोंडाने सांगितलं, हे एका कागदावर टिपत जा. पाठ संपल्यावर तो कागद पॅनलपुढे ठेवा. सांगायची गरजच पडत नाही मग.

खाऊ साहित्य म्हणून नको, हे आता वेगळं सांगायला नको. बक्षीस म्हणून द्यायचा असेल तरी आधी शिक्षिकेला विचारा. मुलाला पथ्य असतं, गिळायला त्रास असतो. मणी, मोत्यांसारख्या तोंडात जाणाऱ्या बारीक वस्तूही टाळा.

आणि पाठ बिघडला तर? बिघडू द्या. बेदाण्याच्या त्या मुलाला मी म्हणायला हवं होतं, 'एक मला दिलास! तुझ्याकडे किती उरले?' रिकामी बशी समोर होती, शून्य शिकवायला याहून चांगलं साहित्य काय असणार.

६. फिरून फिरून येणारे प्रश्न

*मूल फळीवरची पाटी फेकतं, काय कराल?* 'प्रेमाने समजावीन' हे उत्तर रोज ऐकू येतं. फेकण्याच्या आधी काय घडलं आणि नंतर काय घडलं, हे आठवडाभर टिपीन, असं सांगा. माझ्या वर्गातला एक मुलगा लिखाण सुरू झालं की पाटी फेकायचा, आणि शिक्षा म्हणून त्याला बाहेर उभं करायचे. त्याला तेच हवं होतं. लिखाण दोन ओळींचं केलं आणि थकल्यावर दाखवायचं 'थांबा' असं कार्ड दिलं, तेव्हा पाट्या फुटायच्या थांबल्या.

*वर्गात फिट आली तर?* कुशीवर वळवणं, डोक्याखाली मऊ काहीतरी, आजूबाजूचं टणक सामान बाजूला, घड्याळ बघणं. तोंडात चमचा नाही, पाणी नाही, कांदा नाही, चप्पल नाही. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली किंवा लागोपाठ दुसरी आली तर थेट दवाखाना. कांदा-चपलेचा मुद्दा आवर्जून सांगा, कारण घरचे लोक आणि कधीकधी शाळेतल्या मावशीही तेच करायला धावतात, आणि त्यांना न दुखावता कसं थांबवाल हा उपप्रश्न ठरलेला.

*आई विचारते, 'बाई, माझा मुलगा बोलंल का?'* 'नक्की बोलेल' म्हणणारा उमेदवार आम्ही घेत नाही. नाही म्हणणाराही नाही. तो आज काय सांगू शकतो तिथून सुरुवात करा: पाणी हवं तर माठाकडे ओढत नेतो, म्हणजे सांगतोच आहे. पुढची पायरी माठाच्या चित्राचं कार्ड. बोलण्याचं काम वाचा उपचार तज्ज्ञांच्या सल्ल्याने चालू राहील. निदान तर शिक्षकाने करायचंच नाही. शंका आली तर शासकीय रुग्णालयाचा रस्ता दाखवायचा.

*कायदा.* दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. त्यात २१ प्रकार, आधीच्या १९९५ च्या कायद्यात ७ होते. मोफत शिक्षण किती वयापर्यंत? मी ठसक्यात '१४' म्हणाले होते. ते शिक्षण हक्क कायद्यातलं. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलासाठी २०१६ च्या कायद्यात वय ६ ते १८ आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये घालून दिलेलं प्रमाणही लक्षात ठेवा: प्राथमिकला १० विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक विशेष शिक्षक, माध्यमिकला १५ मागे एक. पालकांना रोज लागणारी माहिती म्हणजे युडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं ओळखपत्र), निरामय योजनेचा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा, आणि मूल १८ वर्षांचं झाल्यावर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे करायचा अर्ज. शेवटच्या दोन गोष्टी राष्ट्रीय न्यासाच्या कक्षेतल्या, म्हणजे स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यापुरत्या. कर्णबधिर मुलाच्या आईला त्या सांगून पाठवू नका.

*मुलाच्या अंगावर वळ दिसले, ते हात लावू देत नाही.* लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा. मुलाला पुन्हा पुन्हा विचारायचं नाही, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवायचे, मुख्याध्यापकांना सांगायचं. 'शाळेचं नाव खराब होईल' असं कुणी सुचवलं तरी उत्तर बदलायचं नाही.

बोलण्यातले शब्दही सांभाळा. बौद्धिक अक्षमता म्हणा, कर्णबधिर म्हणा. संस्थेचे अध्यक्ष स्वतः 'मतिमंद' म्हणाले तर तिथल्या तिथे त्यांना दुरुस्त करायला जाऊ नका. आपण आपला शब्द वापरत राहायचं. दुसऱ्या फेरीपर्यंत तेही वापरायला लागतात, हे मी पाहिलं आहे.

७. पगाराचं तोंडावर विचारा

पद मंजूर आहे का, मान्यता कुणाची, नेमणुकीचं पत्र कधी, पगार खात्यावर की रोख, परिविक्षेचा (प्रोबेशनचा) काळ किती, सुट्टीत पगार चालू राहतो का. हे सगळं विचारायला लाजतो आपण, 'सेवा' म्हणून. सेवेला बसभाडं लागतं. अनुदानित जागेसाठी कुणी देणगीचा विषय काढला तर त्या पैशाची पावती मिळत नाही आणि पुढे मान्यता अडकली तर तो परतही येत नाही, एवढं ध्यानात ठेवा. 'सध्या मानधनावर या, पुढे बघू' हे वाक्य तोंडी स्वीकारू नका, कागदावर मागा.

८. त्या दिवशी

साताऱ्याला रेल्वेने येणार असाल तर स्टेशन माहुलीला आहे, गावात यायला रिक्षाचा वेळ धरा. साताऱ्याकडून सांगलीला एसटीने येताना पेठ नाक्यापासून पुढे घड्याळावर विश्वास ठेवू नका. पावसाळ्यात आदल्या संध्याकाळी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी बघा. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ ही धोक्याची. पाणी चढत असेल तर शाळेला फोन करून तारीख बदलून मागा, इथे त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

सुती, जमिनीवर बसता येईल असे कपडे. गळ्यात लांब साखळी नको, कानात लोंबते झुमके नकोत, मुलं ओढतात. तीव्र वासाचं अत्तरही नको. मधल्या वेळेत मावशींशी बोला, पण माहिती काढायला म्हणून नव्हे.

'आठवड्यात कळवतो' म्हणतात. दहा दिवसांनी आपणच एक फोन करा, त्याने कमीपणा येत नाही. तिसऱ्या मुलाखतीनंतर मी केला, नकार मिळाला. चौथ्यानंतर केला तेव्हा लिपिक म्हणाले, "निवड झालेल्या बाई हजरच झाल्या नाहीत. तुम्ही सोमवारी येता का? साडेदहाला, डबा घेऊनच या."